कोंडवाड्यात गेलेले जनावर : ताबा कोणाचा, मालकी कोणाची?

मोकाट, चुकलेल्या आणि हेळसांड झालेल्या जनावरांविषयी या वेळी इतकी पत्रे आली आहेत, की हे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे खेड्यांतून आली तशी शहरांतूनही आली. मात्र त्यांतला घोटाळा बहुतेक ठिकाणी एकच दिसतो. जनावर सध्या कोणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणाच्या मालकीचे आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की शेतकरी शेजाऱ्याच्या म्हशी स्वतःच्या दावणीला बांधतो, कर्मचारी पावतीवाचून पैसे मागतो आणि एखादा प्राणीप्रेमी रात्री भिंत ओलांडून कुत्रा ‘सोडवून’ आणतो. कायद्याने ताबा काही मिनिटांत बदलू शकतो. मालकी बदलायला मात्र लिलाव, न्यायालयाचा आदेश किंवा मालकाची स्वतःची संमती लागते. पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न : शेजाऱ्याच्या तीन म्हशी माझ्या उभ्या हरभऱ्यात शिरल्या. अशी ही तिसरी वेळ. या वेळी मी त्या पकडून माझ्या गोठ्यात बांधल्या आणि ‘नुकसान भरून दे, मगच ने’ असे त्याला सांगितले. तो म्हणतो, की मी जनावरे चोरली अशी फिर्याद देईन. माझे चुकले काय?

उत्तर : म्हशी पकडल्या, यात आपले काहीच चुकले नाही. त्या गोठ्यात बांधून ठेवल्या, तिथे मात्र चुकले.

गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा मूळ कायदा १८७१ चा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे जमीन कसणाऱ्याला किंवा तिचा कब्जा असणाऱ्याला आपल्या शेतात शिरून नुकसान करणारी गुरे पकडण्याचा अधिकार आहे. जमिनीचा सातबारा स्वतःच्या नावावर असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. वाट्याने किंवा खंडाने कसणाराही पकडू शकतो. पिकावर पैसे दिलेला सावकार आणि पीक गहाण घेणाराही या यादीत आहेत, यावरून तो काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र पकडलेली गुरे २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचती केली पाहिजेत. अधिकार आहे तो पकडून तिथवर नेण्याचा. ‘पैसे दे, मग म्हशी ने’ ही अट घालण्याचा अधिकार त्यात येत नाही, आणि मुक्काम लांबला म्हणून त्या म्हशींची धार काढून दूध डेअरीला घालण्याचा तर नाहीच नाही. शेजाऱ्याच्या चोरीच्या फिर्यादीत आज दम नसेलही, परंतु चौथ्या दिवशीही म्हशी आपल्याकडेच राहिल्या तर आपली बाजू रोज थोडी थोडी लंगडी होत जाईल.

कोंडवाड्यात गुरे देताना एक गोष्ट मागून घ्यायलाच हवी, ती म्हणजे नोंदीची प्रत. कलम ८ नुसार रखवालदाराने नोंदवहीत जनावरांची संख्या आणि वर्णन, ती आणल्याचा दिवस आणि तास, पकडणाऱ्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, तसेच माहीत असल्यास मालकाचे नाव लिहायचे असते आणि त्या नोंदीची प्रत पकडणाऱ्याच्या हातात द्यायची असते. मी वकिली नव्याने सुरू केली तेव्हा एका प्रकरणात अशी जुनी वही हाताळली होती. ‘तांबडी गाय, डावे शिंग खाली वळलेले, कपाळाला चांद, वेसण नाही, दिवस मावळताना’ एवढ्या एका ओळीवर पुढे सगळा दावा उभा राहिला, कारण दोन्ही पक्ष बाकीचे सगळे नाकारत होते आणि ते वळलेले शिंग कोणालाच नाकारता येत नव्हते. आपल्या तीन म्हशींच्या नोंदीत नुसते ‘म्हशी नग ३’ असे लिहिले असेल, तर खुणा लिहायला लावाव्यात. कानात बिल्ला असेल तर त्यावरचा १२ अंकी क्रमांक लिहून घ्यावा. आता शिंगापेक्षा तोच भक्कम पुरावा ठरतो.

गुरे नेत असताना मालक अंगावर आला किंवा त्याने ती जबरदस्तीने सोडवून नेली, तर कलम २४ प्रमाणे तो अपराध असून त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा प्रतिकार होऊ नये म्हणून पोलिसांनी मदत करावी, असेही कायद्याने सांगितले आहे.

आता हरभऱ्याकडे वळू. कोंडवाड्यात मालक जो दंड भरतो, तो आपली भरपाई नव्हे. तो सार्वजनिक खात्यात जातो. भरपाई मागण्याचा आपला हक्क कलम २९ ने शाबूत ठेवला आहे, पण त्यासाठी दिवाणी दावा करावा लागतो आणि दाव्याला पुरावा लागतो. त्यामुळे म्हशी हाकलण्याच्या घाईत शेत तुडवू नये. आधी खुरांचे ठसे, खाल्लेली रोपे आणि ज्या बांधावरून गुरे आत आली तो मोडलेला भाग, या सगळ्यांची छायाचित्रे काढावीत. त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडे आणि तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आठवड्याने केलेल्या पंचनाम्यात फुटवा आलेला असतो आणि नुकसान कागदावर निम्मे होते.

एक खुलासा इथेच केलेला बरा. १८७१ च्या कायद्यातील कलमे मी मूळ सांगाडा म्हणून देत आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा १९५८ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा आणि महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम या संस्थांना कोंडवाड्याबाबत स्वतःचे अधिकार देतात, आणि जिथे ती तरतूद लागू आहे तिथे फी, खुराकीचा दर, मुदत आणि तक्रारीची रीत त्या अधिनियमाप्रमाणे चालते. पकडणे, नोंद, सांभाळ, सुटका, लिलाव हा क्रम सारखाच असला, तरी दिवस आणि आकडे आपल्या संस्थेच्या कार्यालयात विचारून, शक्य तर लेखी घ्यावेत.

प्रश्न : आमची गाय चरून परतताना मुख्य रस्त्यावर गेली आणि पालिकेच्या गाडीने ती उचलली. आम्हाला चौथ्या दिवशी पत्ता लागला. तिथल्या माणसाने एक रक्कम तोंडी सांगितली, पावती मिळणार नाही म्हणाला आणि ‘उद्या लिलाव आहे’ अशी भीतीही घातली. गाय आमची आहे हे आम्ही कसे सिद्ध करावे आणि लिलाव इतक्या लवकर होतो का?

उत्तर : चौथ्या दिवशी तोंडी कळवून पाचव्या दिवशी लिलाव, ही कायद्याची भाषा नव्हे. १८७१ च्या कायद्यातील क्रम असा आहे : जनावर कोंडल्यापासून ७ दिवसांत कोणी मागायला आले नाही, तर रखवालदाराने जवळच्या पोलीस ठाण्याच्या किंवा नेमलेल्या अन्य अधिकाऱ्याला कळवायचे, त्या अधिकाऱ्याने जनावराची संख्या, वर्णन, पकडल्याचे आणि कोंडल्याचे ठिकाण यांची नोटीस कार्यालयात ठळक जागी लावायची आणि पकडलेल्या जागेजवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटवायची, नोटिशीपासून आणखी ७ दिवस गेले तरी कोणी आले नाही, तरच जाहीर लिलाव. पालिकेची मुदत तिच्या अधिनियमानुसार किंवा उपविधीनुसार निराळी असू शकते, परंतु ती कुठेतरी लिहिलेली असतेच. ‘लिलावाची नोटीस दाखवा’ एवढे एक वाक्य आपण शांतपणे उच्चारावे.

मालकीसाठी एकच कागद लागतो असे नाही. कानातील बिल्ल्याचा क्रमांक आणि त्याची नोंद, सरकारी दवाखान्यातील लसीकरणाची किंवा कृत्रिम रेतनाची नोंद, विमा असल्यास त्याची कागदपत्रे, खरेदीची बाजार समितीची पावती, घरच्या समारंभातील छायाचित्रात मागे उभी असलेली गायसुद्धा चालते. यांपैकी काहीच नसेल, तर दोन शेजाऱ्यांना बरोबर न्यावे आणि गाय पाहण्याआधीच तिच्या खुणा कागदावर लिहून द्याव्यात. आधी पाहून मग सांगितलेल्या खुणांना किंमत राहत नाही.

आता पैशांविषयी. मालकाने दंड आणि खुराकीचा खर्च भरला, की जनावर त्याच्या हवाली करायचे असते, आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळायला हवी. आपली गाय बेकायदा उचलली असे आपले म्हणणे असेल, म्हणजे ती रस्त्यावर नव्हतीच, अंगणातून नेली, तर कलम १५ मध्ये एक शहाणी सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. आक्षेप लेखी नोंदवून रक्कम अनामत म्हणून भरावी आणि गाय सोडवून घ्यावी. भांडण नंतर चालवता येते. दंडाधिकाऱ्याकडे तक्रार पकडल्यापासून १० दिवसांच्या आत करायची असते. ‘आधी न्याय, मग गाय’ असा हट्ट धरणारे पाहिले आहेत. खुराकीचा आकडा रोज चढत राहतो आणि शेवटी गाईच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

पकडणे बेकायदा ठरले तर भरलेली रक्कम आणि खर्च यांखेरीज नुकसानभरपाईही मिळते. त्या भरपाईची कमाल मर्यादा मूळ कायद्यात १०० रुपये आहे. १८७१ साली १०० रुपयांत काय काय येत असे याचा हिशेब वाचकांनीच करावा.

लिलाव होऊनच गेला असेल, तर तेवढ्याने सगळे संपले असे समजू नये. विक्रीतून दंड आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम ३ महिने अनामत ठेवायची असते आणि मालकी सिद्ध केली तर ती मागता येते. शिवाय कलम १९ प्रमाणे कोंडवाड्याशी संबंधित अधिकाऱ्याला किंवा रखवालदाराला अशा लिलावात स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने जनावर घेण्याची मनाई आहे. घेणाऱ्याचे नाव कळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नोंदवहीच्या आणि लिलावाच्या कागदांच्या प्रती मागाव्यात. पावती न देणारे कार्यालय लेखी अर्जाला सहसा नीट उत्तर देते. निदान माझा अनुभव तसा आहे.

मात्र एक गोष्ट आपल्याला आवडली नाही तरी सांगितली पाहिजे. गाय चुकून रस्त्यावर गेली हे एकदा चालून जाईल. रोज सकाळी धार काढून तिला बाजारपेठेत सोडून देणे आणि संध्याकाळी ती आपणहून परत यावी अशी अपेक्षा ठेवणे, ही काही शहरांतली नित्याची रीत आहे. त्या जनावरामुळे कोणाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने ते बेपर्वाईने सोडले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : आमच्या वस्तीत डुकरांचा फार त्रास आहे. ती गुरे नव्हेत, म्हणून कोंडवाडा त्यांना घेत नाही असे सांगतात. खरे काय?

उत्तर : १८७१ च्या कायद्याने ‘गुरे’ या शब्दात गाई-म्हशींबरोबर हत्ती, उंट, घोडे, तट्टे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या आणि शेळ्या एवढे सगळे कोंबले आहे. डुक्कर त्यात आहे. कुत्रा आणि मांजर नाही. डुकरे ठेवायला जागा नाही ही अडचण खरी असू शकते, पण ती कायद्याची अडचण नव्हे. पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि डुकरे कोणाची आहेत हे ठाऊक असेल तर त्या व्यक्तीचा उल्लेख करावा.

प्रश्न : समोरच्या इमारतीत गच्चीवर एक मोठा कुत्रा दिवसभर साखळीला बांधलेला असतो. सावली नाही. पाण्याचे भांडे बहुतेक वेळा कोरडे असते. बरगड्या मोजता येतात. मालकाला सांगून पाहिले, तो भांडला. आम्ही काही जणांनी कुत्रा उचलून एखाद्या संस्थेत नेऊन ठेवावा काय?

उत्तर : नेऊ नये. आपली तळमळ खरी असली, तरी पोलीस ठाण्यात उभे राहिल्यावर आपण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचा कुत्रा नेणारे ठरता आणि उपाशी ठेवणारा मालक फिर्यादी होतो. उलटे झालेले असे एक प्रकरण मी जवळून पाहिले. सहा महिने तारखा सोडवणाऱ्यांनाच पडल्या, आणि कुत्रा पहिल्याच आठवड्यात मालकाकडे परत गेला.

आपण जे लिहिले आहे, ते प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात बसते. कलम ११ मध्ये क्रूरतेची एक लांब यादी आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्याची काळजी न घेणे, मालक असूनही पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे, हे तिन्ही प्रकार त्यात स्वतंत्रपणे सांगितले आहेत. म्हणजे मारहाण झाली नाही, म्हणून क्रूरता झाली नाही, हा मालकाचा बचाव टिकत नाही.

शिक्षा मात्र हसू यावे इतकी आहे. पहिल्या अपराधाला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा तेच केले तर २५ ते १०० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा आकडा ऐकून बरेच जण ‘मग उपयोग काय?’ असे म्हणून घरी जातात. उपयोग दंडाचा नाही, जनावर ताब्यातून काढण्याच्या अधिकाराचा आहे. कलम ३४ प्रमाणे शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीला, अपराध झाला किंवा होत आहे असे मानायला कारण असेल, तर जनावर जप्त करून जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा नेमलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करता येते. पुढे कलम ३५ खाली दंडाधिकारी जनावराला उपचारासाठी प्राणी रुग्णालयात किंवा पांजरपोळात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो, आणि त्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. खटला चालू असेपर्यंत जनावर कोठे ठेवायचे आणि त्याचा खर्च कसा धरायचा, यासाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. मालक दोषी ठरला आणि जनावर त्याच्याकडे राहिले तर पुन्हा छळ होईल असे पूर्वीच्या शिक्षेवरून, त्याच्या स्वभावावरून किंवा वागणुकीवरून दिसले, तर कलम २९ प्रमाणे न्यायालय त्याची मालकीच काढून घेऊ शकते. मालकी जाण्याची जागा ही आहे, गच्चीवरची मध्यरात्र नव्हे.

पोलीस ठाण्यात ‘हा अदखलपात्र गुन्हा आहे’ असे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी. अन्नपाणी न देणे हा खरोखरच अदखलपात्र अपराध असल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. तरीही तक्रारीची नोंद करणे त्यांना भाग आहे. जप्तीचा कलम ३४ मधला अधिकार त्यांना अर्जातच दाखवून द्यावा, कारण रोजच्या कामात हे कलम पुष्कळांच्या नजरेखालून गेलेले नसते. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीलाही त्याच अर्जाची प्रत द्यावी. कुत्र्याला मारून अधू केले असेल, तर मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि शिक्षा ५ वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. तिथे दहा रुपयांचा विषय संपतो.

पुरावा आपल्याच खिडकीतून गोळा करता येईल. एकाच जागेवरून, दिवसातून तीन वेळा, तारीख आणि वेळ दिसेल अशी छायाचित्रे सलग आठ-दहा दिवस घ्यावीत. पाण्याच्या भांड्याचा तळ दिसला पाहिजे, साखळीची लांबी कळली पाहिजे, आणि सावली कुठे पडते व कुत्रा कुठपर्यंत पोचू शकतो हे एकाच चित्रात आले तर फारच उत्तम. मालकाला दिलेली सूचना एकदा तरी लेखी असावी. आणि वेळ घालवू नये : कलम ३६ प्रमाणे अपराध घडल्यापासून ३ महिने उलटल्यावर या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. गेल्या उन्हाळ्याची छायाचित्रे पार्श्वभूमी सांगतील, खटला मात्र या उन्हाळ्याच्या छायाचित्रांवरच उभा राहील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला आहे, की फाटकाजवळची सगळी भटकी कुत्री पालिकेने उचलून कायमची बाहेर नेऊन सोडावीत. पालिका दाद देत नाही. ठराव बहुमताचा आहे.

उत्तर : बहुमताने सोसायटीच्या पाण्याची वेळ बदलता येते, केंद्र सरकारचे नियम नव्हे. कुत्रा ‘गुरे’ या व्याख्येत येत नाही, म्हणून त्याला कोंडवाड्याचा कायदा लागू नाही. त्याला प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम लागू आहेत, आणि त्यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. त्यांचा गाभा असा, की प्रशिक्षित माणसांनी कुत्रा पकडायचा, निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण करायचे, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथून पकडला तिथेच सोडायचा. कोणत्या गल्लीतून कोणता कुत्रा उचलला, याची नोंद त्यासाठीच ठेवायची असते. लांब नेऊन सोडलेल्या कुत्र्याची जागा दुसरा, बिनलशीचा कुत्रा घेतो आणि नेलेला कुत्रा अनोळखी टोळीत भांडत राहतो, असा या नियमामागचा विचार आहे.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी यात भर घातली, आणि सभेत होणारा बराचसा वाद त्या आदेशांच्या अर्धवट बातम्यांवरून होतो असे दिसते. ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यात हलवून पुन्हा न सोडण्याचे निर्देश होते. २२ ऑगस्टला न्यायालयाने ते बदलले. निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात परत सोडावीत. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत. खाऊ घालण्यासाठी प्रभागनिहाय जागा नेमाव्यात आणि रस्त्यावर वाटेल तिथे खाऊ घालू नये, असे त्यात सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्याचे आणि महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचेही निर्देश दिले. आपले फाटक शाळेचे असते, तर उत्तर वेगळे आले असते. ते राहत्या इमारतीचे आहे.

ठराव फाडून टाकायची गरज नाही, मजकूर बदलावा. परिसरातील किती कुत्र्यांच्या कानाला खूण आहे आणि किती बिनखुणेची आहेत, हे मोजून पालिकेकडे यादी द्यावी आणि बिनखुणेच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण मागावे. एखादे विशिष्ट कुत्रे चावत असेल तर चावल्याची तारीख, जागा, रुग्णालयाचा कागद आणि कुत्र्याचे वर्णन देऊन त्या एकाविषयी स्वतंत्र तक्रार करावी. ‘सगळी कुत्री’ अशी तक्रार फायलीत पडून राहते. ‘पांढरे, उजवा कान काळा, दोन माणसांना चावले’ अशा तक्रारीला गाडी पाठवावी लागते. चावा बसलेल्या माणसाने मात्र या कागदांत वेळ न घालवता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी एक हडकुळे वासरू आमच्या दारात आले. आम्ही त्याला खाऊपिऊ घातले, औषधपाणी केले. आता ते चांगले सुधारले आहे आणि एक गृहस्थ मालकी सांगत आले आहेत. आमचा त्यावर हक्क झाला नाही काय?

उत्तर : माया जडली असेल, मालकी जडली नाही. सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी असते. म्हणजे दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणाऱ्याने घ्यावी तेवढी काळजी त्याने घ्यायची आणि खरा मालक आला तर त्याची वस्तू त्याला द्यायची. मालकाचा शोधच न घेता वासरू विकले असते, तर अपहाराचा आरोपही आला असता. म्हणूनच चुकलेले जनावर दारात आले, की त्याच दिवशी ग्रामपंचायतीला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यावी, असे मी नेहमी सांगतो. आपण ते केले नाही असे पत्रावरून दिसते, आज करा.

आलेल्या गृहस्थांकडे मालकीच्या खुणा आणि पुरावा मागावा. ते मालक ठरले, तर औषधाच्या आणि चाऱ्याच्या पावत्या दाखवून खर्च मागावा आणि तो घेतल्याचा कागद करावा. मात्र त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा, की वासरू तीन महिने कुठे होते आणि त्यांनी ते चुकल्याची नोंद कुठे केली. खाण्यापिण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हादेखील १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मधील अपराधच आहे. दुधाच्या उपयोगाचा नाही म्हणून गोऱ्हा सोडून द्यायचा आणि कोणी तो वाढवला, की मालक म्हणून उभे राहायचे, ही चाल जुनी आहे. प्रश्न विचारल्यावर अनेक ‘मालक’ पुन्हा येत नाहीत. ते आले नाहीत आणि आपल्याला वासरू ठेवायचे असेल, तर पोच घेतलेल्या त्या अर्जावर ग्रामपंचायतीचे लेखी उत्तर मागून घ्यावे.

प्रश्न : माझ्या दोन शेळ्या कोंडवाड्यात होत्या. सोडवायला गेलो तर एक मेलेली. रखवालदार म्हणतो, की आणली तेव्हाच ती आजारी होती.

उत्तर : आत घेतलेल्या जनावराचा सांभाळ आणि खाणेपिणे ही १८७१ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे रखवालदाराची जबाबदारी आहे. पुरेसा चारापाणी न देणे हा कलम २७ खाली त्याचा अपराध आहे. दंड ५० रुपयांपर्यंतच आहे, पण अपराध शाबीत झाला तर भरपाईच्या दाव्याला आधार मिळतो.

आपण शेळी पुरली नसेल, तर पुरू नका. पशुधन विकास अधिकाऱ्याकडे आजच लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन करून घ्या; उन्हाळ्यात काही तासांनंतर त्यातून फारसे हाती लागत नाही. पोट रिकामे होते की भरलेले, हे त्या अहवालात लिहून यावे असे अर्जातच नमूद करा. दरम्यान नोंदवहीतील त्या दिवसाच्या ओळीची प्रत मागा. ‘आजारी’ हा शब्द तिथे शेळी आणली त्याच वेळी, त्याच शाईत लिहिलेला असेल, तर रखवालदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. तो ओळीच्या शेवटी, वेगळ्या पेनाने, जागा काढून घुसवलेला दिसला, तर प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि जिवंत असलेली दुसरी शेळी घेताना पावतीवर तिची स्थिती लिहून घ्या.